जबडा उतरवायला पांढरकवड्याला

नाशिकला परत आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठे गेला होतात?" पुसदहून मुकुटबनला, असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "तिकडे काय आहे पाहण्यासारखं?" मी म्हटलं, गतिरोधक. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण मी अगदी खरं सांगत होते. पहिल्याच दिवशी मी सत्तेचाळीस गतिरोधक पाहिले. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरून, कंबर वाकवून, गुडघ्यावर हात ठेवून. अठ्ठेचाळिसाव्यापासून मोजायचं सोडून दिलं.

बापूदादा माझा थोरला भाऊ. पुसदला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा जास्त जीव एका लाल गाडीवर आहे. चौकोनी, डिकीवाली, अगदी साधी गाडी. पण घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी कुठल्याशा मासिकात त्यानं शर्यतीच्या गाडीचा फोटो पाहिला आणि बिचारीचे दिवस फिरले. स्प्रिंगा कापून ती चार बोटं खाली बसवली. पुढच्या बंपरखाली फायबरचा लांबलचक ओठ आला आणि मागे डिकीवर आडव्या फळीसारखा स्पॉयलर. पुढच्या त्या भागाला गॅरेजवाले लिप म्हणतात, दादा स्कर्ट म्हणायचा आणि माझी वहिनी, शकुंतला, म्हणायची जबडा. घरात तिचंच नाव चाललं. स्पॉयलरवर ती उन्हाळ्यात मुगवड्या वाळत घालायची. अंगणात इतकं सपाट आणि इतकं तापणारं दुसरं काही नव्हतं. दुपारी दादाला गाडी काढायची झाली की आधी वड्या गोळा कराव्या लागत, आणि दोघांची त्यावरून ठरलेली कुरबुर होई.

अशी गाडी ज्या घरात असते त्या घरात एक रीत आपोआप पडते. गतिरोधक आला की चालवणारा सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं. तेवढीच गाडी दोन बोटं वर येते. एकानं पुढे जाऊन, गतिरोधकाच्या पलीकडे उभं राहून, जबडा आणि रस्ता यांत किती जागा उरते ते बघायचं आणि हातानं खूण करायची. तळहात उभा म्हणजे थांब. बोटं हलली म्हणजे ये. दोन बोटं म्हणजे दोन बोटांची जागा आहे, घाबरू नको. वहिनी येण्याआधी हे काम माझं होतं. पुसदच्या बाजारातून आमची गाडी जायची तेव्हा लोक म्हणत, "पाहा, बापूची वरात निघाली." मी कॉलेजात होते, मला लाज वाटायची. आज वाटतं, तेव्हा थोडं कमी लाजायला हवं होतं.

तीन वर्षांमागे वहिनी गेली. या डिसेंबरात भाच्याचा हैदराबादहून फोन आला, "आत्या, तू बाबांना समजाव." गाडीच्या कागदांची मुदत संपत आली होती. पुन्हा पास करायची तर नियम आता कडक झालेत. गाडी मुळात होती तशी दाखवावी लागते. म्हणजे जबडा काढायचा, स्पॉयलर काढायचा, गाडी वर उचलायची. नाहीतर भंगार. आणि दादा दोन्हींना नाही म्हणत होता.

मी जानेवारीत पुसदला पोचले तेव्हा तो अंगणात गाडी पुसत होता. मी विषय काढला.

"मने, जबडा काढून हे गाडी रस्त्यावर न्याची म्हंजे मी मिशा काढून लग्नाले गेल्यासारखं होते," तो म्हणाला.

"मग भंगारात देणार?"

"तेही नाही."

"मग काय, कोनाड्यात ठेवून पुजणार?"

तो हसला नाही. फडकं पिळून म्हणाला, "पांढरकवड्याले शेषराव आहे ना, ज्यानं बनवला तो. त्याले इचारतो. नटबोल्टवर बसवता आला तं पासिंगपुरता काढू, मंग पुन्हा लावू. चालतं तू संगं? उतराले कोणी पायजे ना."

हे शेवटचं वाक्य त्यानं गाडीकडे बघत म्हटलं. मला रडू आलं ते मी चहाच्या निमित्तानं आत नेलं.

पुसद ते घाटंजी

सकाळी निघालो. गारठा होता, पण नाशिकच्या थंडीसारखा ओला नव्हे. कोरडा, ऊन आलं की पळून जाणारा. दिग्रसच्या अलीकडे पहिला गतिरोधक आला आणि दादानं न बोलता गाडी थांबवली. मी उतरले. पस्तीस वर्षांनी उतरत होते, पण हात आपोआप वर गेला. वाकून पाहिलं तर चांगली चार बोटं जागा होती. मला आठवत होती ती जेमतेम दोनाची. मनात म्हटलं, ट्रकांनी गतिरोधकच झिजवले असतील, नाहीतर माझीच बोटं वाळली असतील. "ये," म्हटलं, आणि गाडी अलगद पलीकडे आली.

"पाह्यलं?" दादा खुशीत म्हणाला. "आवाज तरी आला? सुरुवातीले घासे, तुह्या लग्नापर्यंत. मंग एक डाव दिग्रसच्या रस्त्यावर दगड लागला अन् जबडा फुटला. तुह्या वहिनीनं एसटीवर टाकून पांढरकवड्याले नेला, दुरुस्त करून आणला. तवापासून हात बसला माहा. एक खरचटा नाही."

"एकही नाही?"

"दाखव मले एक."

खरंच नव्हता. त्या जबड्याला त्यानं दर दिवाळीला लाल रंग दिलेला, त्यामुळे तो गाडीपेक्षा तरुण दिसत होता. दादा ते हात बसल्याचं आर्णीपर्यंत आणखी दोनदा सांगत होता. मी ऐकून घेतलं. एकट्या माणसाकडे सांगण्यासारख्या गोष्टी कमी उरतात.

आर्णीला चहासाठी थांबलो. माझी शाल डिकीत होती म्हणून डिकी उघडली, तर कोपऱ्यात गोणपाटात काहीतरी जड गुंडाळून ठेवलेलं. उघडून पाहिलं. चार अखंड स्प्रिंगा, तेल लावलेल्या. गाडी वर उचलायच्या. म्हणजे तोंडानं नाही म्हणणाऱ्या माणसानं मूळच्या स्प्रिंगा कुठूनतरी मिळवून, पुसून, बरोबर घेतल्या होत्या. मी गोणपाट होतं तसं गुंडाळलं, आणि काही पाहिलं नाही असा चेहरा करून चहाला गेले.

आर्णीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची दुसरी वेचणी चालली होती आणि मधल्या ओळींत तूर भरली होती. एका बाईनं झाडाखाली तीन दगडांवर पातेलं ठेवून तुरीच्या शेंगा मिठात उकडायला घातल्या होत्या. दादानं दोन वाटे घेतले, कागदात. नाशिकला मी मटार सोलते तेव्हा दर वेळी या शेंगा आठवतात. तिकडे तूर म्हणजे डब्यातली डाळ, तिला शेंग असते हे पोरांना चित्रात दाखवावं लागतं. आम्ही चालत्या गाडीत शेंगा दातांनी ओढून खाल्ल्या आणि टरफलं पायाशी टाकली. हे दादानं वहिनीला कधी करू दिलं नसतं असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "तिनं मले इचारलं असतं तं ना."

घाटंजीला बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या तोंडाशीच एकामागे एक तीन गतिरोधक. मी उतरले, वाकले, आणि पाच मिनिटांत माझ्याभोवती दहा माणसं वाकली. एक म्हातारबुवा विचारतात, "माय, काही हरपलं काय?" मी म्हटलं, नाही बाबा, गाडीचा जबडा पाहतेय. त्यांनी जबडा पाहिला, मला पाहिलं, आणि शेजारच्याला हळूच सांगितलं, "बाईले बरं नाही." मागे कापसाच्या ट्रॅक्टरचा भोंगा वाजत होता. तेवढ्यात भाजीवाल्या दोघी पुढे झाल्या आणि मी काही सांगायच्या आत त्यांनी हात हलवून दादाला बोलावायला सुरुवात केली, "येऊ द्या, येऊ द्या, लय जागा हाय!" गाडी तिन्ही गतिरोधक ओलांडून आली तेव्हा टाळ्या पडल्या. दादानं खिडकीतून सगळ्यांना नमस्कार केला. तीन वर्षांत मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता.

पांढरकवडा

घाटंजी सोडल्यावर सागाचं जंगल लागतं. पानं वाळून करकरीत झालेली, पळस अजून फुलायचा. जंगल संपतं आणि एकदम हमरस्ता येतो, नागपूरहून हैदराबादकडे जाणारा, आणि पांढरकवडा. हे गाव दोन राज्यांच्या ट्रकवाल्यांना जेवू घालतं. पाट्यांवर मराठीखाली तेलुगू अक्षरं दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला गेलो, तिथं एका टेबलावर पोह्यांवर लाल, तिखट रश्शाची तर्री होती आणि शेजारच्या टेबलावर एक ड्रायव्हर चक्क इडलीवर तर्री ओतून घेत होता. मी बघत राहिले, तर म्हणाला, "खाऊन तं पाहा, ताई." खाऊन पाहिलं. नाशिकला कुणाला सांगणार नाही, पण मी दुसरी प्लेट मागवली.

शेषरावांचं दुकान हमरस्त्याला लागून आहे. सत्तरीचे, सडपातळ, दंडापर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखलेले. ते मुळात कूलर बनवतात, फायबरचे. इकडचा उन्हाळा कूलरशिवाय काढता येत नाही आणि कूलर बनवायचे ते जानेवारीपासूनच, म्हणून अंगणात कूलरच्या रिकाम्या अंगांची थप्पी लागली होती. दादाचा जबडा त्यांच्या हातचा पहिला आणि शेवटचा. बाहेरून तो शर्यतीच्या गाडीचा दिसतो, पण आतल्या बाजूला कूलरच्या टाकीला असतात तशा उभ्या पन्हाळ्या आहेत, कारण साचा टाकीचाच वाकवून केला होता. आमची शर्यतीची गाडी अशी निम्मी कूलर आहे, हे दादानं कधी बाहेर सांगितलं नाही.

शेषराव जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली आडवे झाले. बराच वेळ बोटांनी ठोकून पाहत होते.

"नटबोल्टवर बसंल?" दादानं विचारलं.

"नाही बसत, भाऊ." आवाज गाडीखालून आला. "उन्हानं खाल्लं फायबर. आतून पापड झाला. एक डाव काढता येईन, सांभाळून काढलं तं अखंड निंघन. पण पुन्हा भोक पाडाले गेलो का फुटलाच समजा."

"नवीन बनवून द्या मंग."

"मले आता बारीक दिसत नाही. कूलर सरळ असते, तो हातानं होते. हे नाही होत."

 म्हणजे आता ठरवायचं होतं, इथंच: एकदा काढला की जबडा कायमचा गेला, आणि नाही काढला तर गाडी गेली. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

शेषराव बाहेर आले, हात झटकले आणि सहज म्हणाले, "कड तं शाबूत आहे. मी मागून लावलेली. वयनीनं सांगतली होती तशी."

"कोणती कड?"

 शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत टांगलेल्या एका जुन्या साच्याकडे, आणि पोत्यावरच बसले.

"वयनी आता नाहीत, हे मले समजलं होतं," ते म्हणाले. "तवा आता सांगाले हरकत नसावी. जबडा फुटून आला होता ना, तवा त्याईनं मले म्हटलं, 'भाऊ, जोडून द्याच, पण खालून दोन बोटं कापून टाका.' मी म्हटलं, मालकाले चालन काय? तं म्हणे, 'घासली का यायचं तोंड उतरते, दोन दिवस जेवत नाहीत. कापा. पण यायले सांगू नका.'"

दादा खाली बसला. जबड्याच्या आत हात घालून त्यानं कड चाचपली. मीही वाकून पाहिलं. खालच्या बाजूला बोटभर रुंद पट्टी वेगळी दिसत होती, जरा पिवळट, आणि कूलरच्या पन्हाळ्या तिथं येऊन तुटल्या होत्या. पुसदला इतकी वर्षं त्यानं बाहेरून रंग दिला. आत कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे घासतच नव्हती?" दादा म्हणाला.

"पाच माणसं बसून बी नसती घासली."

"अन् मी तुमाले सांगतलं का माहा हात बसला म्हणून."

"हौ. दोन डाव सांगतलं. मी हौ म्हटलं."

मला हसू आवरेना, आणि मी हसले ते तोंडावर पदर धरूनच. दादा मात्र उठला आणि सरळ रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, ट्रकांकडे तोंड करून. मला वाईट वाटलं. वीस-पंचवीस वर्षं माणूस ज्याचा अभिमान धरतो ती गोष्ट एका कूलरवाल्यानं पोत्यावर बसून काढून घ्यावी, हे काही बरं नव्हतं.

पण माझ्याही डोक्यात एक गोष्ट बसत नव्हती. मी शेषरावांना विचारलं, "घासतच नव्हती, तर मग वहिनी उतरायची कशाला? ती तर शेवटपर्यंत उतरत होती. गुडघे दुखायचे तेव्हासुद्धा."

"मी बी इचारलं होतं, ताई. म्हटलं, चला, आता तुमचं उतरणं तरी बंद. तं हसल्या. म्हणे, 'नाही नाही. म्हणून तं सांगू नका म्हणतो. मी गाडीत बसली का यायची नजर रस्त्यावर. उतरली का माह्यावर.'"

दादा कधी परत आला ते आम्हाला कळलं नव्हतं. तो माझ्या मागे उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मी इथं लिहू शकत नाही, मला तो जमणार नाही. थोड्या वेळानं त्यानं डिकी उघडली, गोणपाटातल्या स्प्रिंगा काढून जमिनीवर मांडल्या आणि म्हणाला, "काढा, शेषराव. पण फोडू नका."

जबडा काढायला दुपार लागली. शेषराव पातळ पातं घालून इंचाइंचानं कापत गेले. दादा दोन्ही हातांनी खालून धरून बसला होता, आजाऱ्याला धरतात तसा. डाव्या कोपऱ्याचा एक टवका उडाला तेवढाच, तो दादानं खिशात टाकला. स्पॉयलर मात्र दोन स्क्रूंवर निघाला. त्याच्या खाचेत शेषरावांना वाळून दगड झालेली एक मुगवडी सापडली. त्यांनी ती काय आहे हे न कळून झटकायला हात उचलला आणि आम्ही दोघंही एकदमच "राहू द्या!" म्हणून ओरडलो. पलीकडच्या गॅरेजात संध्याकाळपर्यंत स्प्रिंगा बदलून झाल्या. गाडी चार बोटं वर आली आणि एकदम कुणाचीही दिसायला लागली. रस्त्यात दिसली असती तर मी ओळखली नसती.

निघताना शेषरावांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, माझंच काम मी उतरवलं. दादानं मग त्यांच्याकडून एक कूलर घेतला, जानेवारीच्या थंडीत, आणि तो पुसदला पाठवायला सांगितला.

मुकुटबन

तिसऱ्या दिवशी पुसदकडे वळायचं सोडून दादानं गाडी मुकुटबनला घेतली. मुकुटबन वहिनीचं माहेर. तिथं आता तिचा भाऊ किसनभाऊ शेती पाहतो. "इथपर्यंत आलो तं भेटून जाऊ," दादा म्हणाला. जबडा मागच्या सीटवर आडवा निजवला होता, वर माझी शाल.

रस्ता सुंदर आहे. झरीकडे जाताना दोन्ही अंगांना जंगल येतं-जातं, मध्येच कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे, दिसतात, सारवलेल्या भिंतींचे, आणि मध्येच चुनखडीचे ट्रक धूळ उडवत जातात. गतिरोधक आले. गाडी प्रत्येकावरून आरामात गेली. पहिल्या गतिरोधकाला माझा हात दाराच्या कडीकडे गेला होता. दादानं ते पाहिलं. इतका सुखाचा प्रवास मला क्वचितच इतका नकोसा झाला असेल.

मला दादाच्या लग्नाची परतीची वाट आठवत होती. याच रस्त्यानं आम्ही वहिनीला घेऊन आलो होतो. मांडव किसनभाऊंच्या घरापुढे होता, आणि घरापासून पन्नास पावलांवर शाळेसमोर गतिरोधक. निरोप झाला, बायका रडल्या, नवरी गाडीत बसली, गाडी पन्नास पावलं गेली आणि थांबली. आणि दादानं मुंडावळ्या सावरत नव्या नवरीला पहिलं वाक्य म्हटलं, "जरा उतरा." सगळा मांडव धावत आला. वहिनीचे वडील तर पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, पोरगी परत दिली. मी तिचा हात धरून तिला गतिरोधकाच्या पलीकडे नेलं आणि शिकवलं, वहिनी, असा तळहात म्हणजे थांब, अशी बोटं म्हणजे ये. ती शालू सावरून वाकली, तिनं एकदा जबड्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि बोटं हलवली. मी पुन्हा कधी ते काम केलं नाही. केलं ते या प्रवासात.

शाळा अजून आहे. गतिरोधकही आहे, आता डांबराचा आणि जास्त उंच. दादानं त्याच्या दहा हात अलीकडे गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, आणि आपलं दार उघडलं.

"मने, तू चालव."

"मी?"

"येते ना तुले. चालव."

तो उतरला. गतिरोधक ओलांडून पलीकडे गेला, बरोबर तिथं, आणि वळला. मी सरकून स्टिअरिंगमागे बसले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस वाकला, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा उभा केला. थांब. मी थांबले. मग बोटं हलली. मी क्लच सोडला. मला गाडी तशी जेमतेमच येते, त्यामुळे माझी नजर त्याच्या हातावरून हलेना. ये, ये. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. कुठेच काही घासलं नाही, घासायला काही नव्हतंच. गाडी पूर्ण पलीकडे आली तरी त्याची बोटं हलत होती.

किसनभाऊ ओसरीवरून खाली आले होते. "भाऊजी, गाडी तं उंच झाली," ते म्हणाले. "उतरले काहून?"

 दादा माझ्या खिडकीपाशी आला आणि काचेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"मने," तो म्हणाला, "तिथून गाडी दिसतच नाही. चालवणाराच दिसते."

 मी इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला, तर त्यानं मान हलवली, आणि पुन्हा गाडीच्या पुढे चालत जाऊ लागला. जाता जाता मागे न बघताच म्हणाला, "मागं घे. अजून एक डाव आण."

मी गाडी मागे घेतली.